धुळ्याचं फ्रेंच

त्या डॉक्टरला मी अजून माफ केलेलं नाही. माणूस वाईट नव्हता, डिग्रीही खरी होती. पण जीवरामसरांच्या खाटेशी उभं राहून, सरांच्या धाकट्या भावासमोर तो म्हणाला, "हे आता आमच्या हातातलं नाही." कॉलेजात शिकलेल्या माणसाला यातून एवढंच कळतं की औषध संपलं. पारोळ्याकडच्या खेड्यातून आलेल्या त्या भावाला, अभिमनला, कळलं ते असं, की हे डॉक्टरचं काम नाही, भगताचं आहे. बॅग उचलून डॉक्टर निघून गेला. पुढचं सगळं त्या वाक्यातून सुरू झालं, असं मी मानतो.

अडुसष्ट सालची गोष्ट. सर धुळ्याच्या कॉलेजात गणित शिकवायचे, मी जळगावच्या. मी त्यांचाच विद्यार्थी. मेकॅनिक्सवरचा एक जाडजूड फ्रेंच ग्रंथ त्यांना पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडला होता. इंग्रजीत इतकं स्वच्छ लिहिलेलं काही नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि नाही ना, मग आपण करू, असं त्याच दमात ठरूनही गेलं होतं. त्यासाठी त्यांनी चाळिशी उलटल्यावर व्याकरण आणि शब्दकोश पुढ्यात घेऊन फ्रेंच शिकून घेतलं, वर मलाही शिकवलं. दर रविवारी मी एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने धुळ्याला जायचो आणि आम्ही दोघं पानापानाने त्या ग्रंथाचं इंग्रजी करायचो.

वाक्यं सोपी असत, जीव खायचे ते शब्द. 'सोलिद' दिसला की माझा हात आपोआप 'सॉलिड' लिहायला जाई. सर हातावर फटका मारत. "रिजिड बॉडी लिही, गाढवा." 'कोंत्रेंत' दिसायला कन्स्ट्रेन्टचा सख्खा भाऊ, पण अर्थ स्ट्रेस, आणि कन्स्ट्रेन्टसाठी मात्र 'लिएझों'. 'तॉर्सर' या एका शब्दावरून आम्ही अख्खा पावसाळा भांडलो, कारण इंग्रजीत त्याला सर्वांना मान्य असा शब्दच नव्हता आणि स्वतः शब्द घडवायला सर तयार नव्हते. शब्द ठरवायची त्यांची एक रीत होती. आधी वस्तू समोर हवी. टेबलावर भोवरा, त्याची जाळी, लोखंडी गोळा, तराजूची दांडी असं सगळं पडलेलं असायचं. भोवरा फिरवायचा, त्याच्या टोकाकडे बोट करायचं, फ्रेंच शब्द मोठ्याने म्हणायचा, मग इंग्रजी. दोन्ही शब्द त्या टोकाला नीट बसले तरच शाईने लिहायचं.

उच्चारांची तर मजाच होती. खरा फ्रेंच माणूस आम्ही दोघांनी जन्मात पाहिला नव्हता. अक्षरं पाहून सरांच्या तोंडून जे निघेल ते फ्रेंच. ते ऐकून पॅरिसचा माणूस रडला असता. पण आमचं आम्हाला पक्कं कळायचं. जगात ही भाषा बोलणारे दोनच, आणि दोघेही खानदेशी.

एका स्थिर बिंदूभोवती फिरणाऱ्या रिजिड बॉडीच्या प्रकरणात आम्ही होतो, तेव्हा सर न्हाणीतून उठताना कोसळले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. काही दिवसांनी वाचा परत आली, पण घरात रडारड झाली ती त्यानंतर. पुष्पाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला आहिराणीत निरोप धाडला, त्यातलं 'त्या' म्हणजे सर: त्या काहीतरी बोलतस, कोनलेच समजत नही, तुम्ही या.

मी गेलो. सर उशीला टेकून बसले होते, तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. मला पाहताच त्यांचे डोळे भरले. ते म्हणाले, "फ्लुइद."

"दखा," पुष्पाबाई म्हणाल्या, "रातदिन असंच काहीबाही बोलतस."

फ्लुइद म्हणजे द्रव. आमच्या ग्रंथात त्यावर वेगळं प्रकरण होतं. मी म्हटलं, "अक्का, ते पाणी मागताहेत."

सरांनी तांब्याभर पाणी संपवलं. घरात भरलेला माठ, सेवेला इतकी माणसं, आणि हा माणूस तहानेने ओरडत पडला होता! मला रडू आवरेना आणि रागही आवरेना, पण राग कोणावर काढणार? आहिराणी गेली होती, मराठी गेली होती, आयुष्यभर ज्यात शिकवलं ते इंग्रजीसुद्धा पुसलं गेलं होतं. दुसऱ्याचं बोलणं थोडंफार कळत असावं, असं डोळ्यांवरून वाटे. बोलायला मात्र उरलं होतं ते सर्वांत शेवटी शिकलेलं फ्रेंच, आणि तेही फक्त त्या ग्रंथातलं. डॉक्टर म्हणाला होता की असं क्वचित होतं. क्वचित म्हणजे काय, हे कोणाला सांगायची तसदी त्याने घेतली नाही.

त्या दिवशी मी पुष्पाबाईंना शब्द शिकवायला बसलो. रपो म्हणजे स्थिर अवस्था. रपो म्हटलं की त्यांना आडवं करा. फ्रोतमां म्हणजे घर्षण. पाय चोळून हवा आहे. नुल म्हणजे शून्य, काही नाही, नको. दोंक म्हणजे म्हणून, त्या अर्थी; दोंक म्हणून थांबले तर पुढे काय, असं विचारताहेत. पुष्पाबाई चौथी शिकलेल्या. त्या एकेक शब्द पुटपुटत होत्या आणि सर लहान मुलासारखे त्यांच्या ओठांकडे बघत होते.

मग मी सहज पुष्पाबाईंकडे बोट दाखवून सरांना विचारलं, "ह्या कोण?"

सरांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. शोधत असावेत. मग स्वच्छ म्हणाले, "पोइं फिक्स."

"भाऊ, काय म्हननात?"

"अक्का, तुम्हाला म्हणाले. पोइं फिक्स म्हणजे स्थिर बिंदू. भोवरा फिरतो ना, तो ज्या टोकावर उभा असतो ते टोक. सगळं ज्याच्याभोवती फिरतं आणि जे स्वतः जागचं हलत नाही, ते."

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत, तर त्या हसत होत्या. "इतला वरीस झायात लगीनले," त्या म्हणाल्या, "त्यास्नी मनं नाव कधी लिधं नही. 'अवो, ऐकी राह्यनी का' इतलंच म्हनेत. आते नाव ठेवं."

त्या घरात मी त्यानंतर हसणं ऐकलं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

अभिमन दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होता. भावावर, त्याच्या नानावर, त्याचा जीव होता, हे मी शपथेवर सांगेन. सरांना पाठीवर घेऊन संडासाला नेणारा तोच. पण माझं बोलणं त्याला पटलं नव्हतं.

"तुमले समजस ते ठीक शे, भाऊ," तो म्हणाला. "पन मना नाना आहिरानी इसरस कसा? मायनी भाषा कोन इसरस? नाना बोलता तर आहिरानी बोलता. हाऊ बोलनारा नानाच नही."

मेंदूत भाषांचे कप्पे असतात वगैरे मी काहीतरी सांगितलं. त्याने मान डोलावली, पण वर्गातली मागच्या बाकावरची पोरं डोलावतात तशी.

पुढे परीक्षा आल्या, पेपरांचे गठ्ठे आले, माझं जाणं राहिलं. एक दिवस भरदुपारी जळगावात, मेहरूणला माझ्या घरापुढे पुष्पाबाई येऊन उभ्या राहिल्या. पायांत चपला नव्हत्या. ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते असं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला म्हणून अभिमनने दोघांना गावी नेलं आणि वना भगताला बोलावलं. अंगात शिरलेलं बाहेर काढायचं तर आधी त्याचं नाव कळायला हवं, आणि नाव कळेपर्यंत डाग द्यायचे, अशी रीत. सरांना खाटेला बांधलं. विळ्याचं टोक तापवून तळपायांना लावलं. "तू कोन शे? नाव सांग!" भगत विचारायचा आणि विळा लावायचा. बायकांना बाहेर ठेवलेलं होतं. आधी सर नुसते ओरडत होते. मग त्यांनी हाक मारायला सुरुवात केली. पोइं फिक्स, पोइं फिक्स.

"भाऊ, त्या माले हाका मारी राह्यंथात," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी कशी थांबू?"

माणसांना ढकलून त्या आत घुसल्या आणि म्हणाल्या, सोडा त्यांना, ते मला बोलावताहेत, ते माझं नाव आहे.

भगताला नाव हवं होतं. नाव मिळालं, आणि ते नाव माझं म्हणून सांगणारी बाईही समोर उभी. त्याने विळा खाली ठेवला. "म्हंजे आंगमा शे ती हाईच," तो म्हणाला.

तेव्हापासून पुष्पाबाई गोठ्यात राहत होत्या. त्यांच्या हातचं पाणी घरात चालत नव्हतं. काल-परवापर्यंत ज्या बायकांनी त्यांच्याकडून पापड लाटून नेले, त्या पोरांना त्यांच्या सावलीतून ओढून नेत होत्या. येत्या अमावस्येला त्यांना सरांपुढे उभं करायचं ठरलं होतं. सरांनी पुन्हा तेच नाव घेतलं, तर बाईचे केस काढून तिला शिवेबाहेर घालवायचं, आणि नाव सुटेपर्यंत सरांना डाग देत राहायचं.

"आनि त्या घेतीनच, भाऊ," त्या म्हणाल्या. "माले दखं का घेतस."

मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. त्यांनी हात जोडले. पोलीस येतील आणि जातील, त्यांना त्याच गावात नवऱ्याजवळ राहायचं होतं. "तुम्ही चाला. तो शब्द पुस्तकमाना शे इतलंच सांगा. तुमनं ऐकतीन."

मलाही तसंच वाटलं. शिकलेल्या माणसाला आपण समजावलं की जग समजतं असं वाटतं, हा आमचा रोगच आहे. अक्का त्याच दिवशी परतल्या. मी माझ्याकडे ठेवलेला तो फ्रेंच ग्रंथ आणि आमच्या भाषांतराचं बाड पिशवीत घातलं आणि अमावस्येच्या सकाळी गावात पोचलो. अभिमनच्या अंगणात माणसं जमली होती. मी ग्रंथ उघडला, ते पान काढलं, शब्दावर बोट ठेवलं. भोवऱ्याचं चित्र दाखवलं. बघा, म्हटलं, हा शब्द छापलेला आहे, हे बाईचं नाव नाही, भुताचं नाही, गणिताचं आहे.

अभिमनने पानावरून हात फिरवला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आठे शे," तो म्हणाला. "म्हंजे ते याच पुस्तकमाईन उनं ना? वरीसनं वरीस नाना यालेच कवळी बसेल व्हता."

लोकांत कुजबुज झाली. भगताने ग्रंथाला हात न लावता विळ्याच्या टोकाने तो मिटला. माझ्या अकलेने ही एवढी कामगिरी केली. ग्रंथ आणि बाड दोन्ही चुलीत घालायचं ठरलं. मी आडवा गेलो तेव्हा दोघा-तिघांनी मला धरून बाजूला बसवलं, तेही अगदी आदराने. गुरुजी, तुम्ही बसा, म्हणाले.

मी अभिमनला म्हटलं, "मला त्यांना पाणी तरी पाजू दे." तेवढं त्याने ऐकलं.

सर आतल्या खोलीत होते. पायांना फडकी बांधली होती आणि खोलीला जळलेल्या कातड्याचा वास होता. मी पाणी पाजलं. वेळ थोडा होता. मी मराठीत सांगून पाहिलं की त्या नावाने हाक मारू नका, अक्कांचा जीव जाईल. डोळ्यांत काही उमटलं, काही नाही. किती पोचलं, कसं कळणार? आणि मग मला सुचलं. सरांना उपदेश कधीच पोचत नसे, सिद्धता मात्र पोचायची.

मी म्हटलं, "सुपोझों." समजा. आमच्या ग्रंथातली निम्मी वाक्यं अशीच सुरू व्हायची.

सरांची मान वर झाली.

"सुपोझों, पोइं फिक्स," मी म्हटलं. खिडकीतून गोठा दिसत होता, दाराशी पुष्पाबाई बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "दोंक..." मी सरांच्या पायाच्या फडक्यावर बोट ठेवलं, मग अंगणातल्या चुलीत तापत ठेवलेल्या विळ्याकडे दाखवलं, मग पुन्हा पुष्पाबाईंकडे, आणि माझ्या डोक्यावरून वस्तरा फिरवल्यासारखा हात फिरवला.

सर बघत राहिले. एकदा विळ्याकडे, एकदा गोठ्याकडे. फळ्यावरची पायरी तपासताना त्यांच्या कपाळावर एक आठी पडायची, ती अर्ध्या कपाळावर पडली.

"अब्सुर्द," ते म्हणाले.

गृहीत धरलेल्या गोष्टीतून असंभव निघालं, की ग्रंथात हा शब्द येतो, आणि मग गृहीतच टाकून द्यावं लागतं. सरांनी डोळे मिटले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. मग त्यांनीच सिद्धता पूर्ण केली.

"दोंक, नुल."

बाहेर चूल भडकली होती. आमच्या इतक्या वर्षांच्या रविवारांची पानं तिच्यात जात होती, आणि खरं सांगतो, त्या घडीला मला त्याचं काही वाटलं नाही. सरांना खाटेसकट अंगणात आणलं. पुष्पाबाईंना पुढे उभं केलं. त्यांनी मान खाली घातली होती, नवऱ्याला आपलं तोंड दिसू नये म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. भगताने तो मागे सारला.

"सांग, हाई कोन शे?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ मिटले, प म्हणायला मिटतात तसे. विळा फडक्याच्या अगदी जवळ होता.

"नुल," सर म्हणाले.

"कोन शे?"

"नुल. नुल."

भगताने विळा पाण्याच्या घंगाळात टाकला. "निंघी गयं," तो म्हणाला. अभिमन ओक्साबोक्शी रडत पुष्पाबाईंच्या पायांवर पडला. बायकांनी त्यांना हाताला धरून घरात नेलं, त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि घरात फिरवायला लावला. सगळं गाव आनंदात होतं. त्या अंगणात जे घडलं ते काय होतं, हे तिघांनाच कळलं होतं. सर शुद्धीवर होते, मी म्हणतो, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त शुद्धीवर होते. पण ते सिद्ध करायला त्यांना जे करावं लागलं, त्यानेच सगळ्यांना पटलं की भगत खरा.

पुष्पाबाईंना नुलचा अर्थ मीच शिकवला होता. जाताना मी हळूच म्हटलं, "अक्का, त्यांनी तुमच्यासाठी—"

"माले समजनं, भाऊ," त्या म्हणाल्या.

तळपायांच्या जखमा चिघळल्या. डॉक्टर पुन्हा आला, या वेळी काय म्हणाला ते मला माहीत नाही. पोळ्याच्या आत सर गेले.

दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो. पुष्पाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी बाहेर बसलो. त्या आतूनच बोलू लागल्या. अमावस्येनंतर घरात कोणी नसलं की त्या सरांजवळ बसून विचारायच्या, मी कोण? सर आधी दाराकडे बघायचे. मग म्हणायचे, नुल. "मी सांगे, कोनी नही शे, आते घ्या. तरी दारकडेच दखेत."

भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज आला.

"मराना दिवस पन नही लिधं," त्या म्हणाल्या. "भाऊ, त्यास्नासारखं तुमलेच येस. एक डाव हाक मारा ना."

अभिमन अंगणात बैलाला पाणी दाखवत होता. म्हटलं, ऐकू दे त्याला.

"पोइं फिक्स," मी हाक मारली, सर म्हणायचे अगदी तशी, धुळ्याच्या उच्चारात.

"ओ, उनू," आतून आवाज आला, आणि पिठाचे हात पदराला पुसत त्या दारापर्यंत आल्या.